आडगाव नाक्यावरचा रविवारचा वर्ग

आडगाव नाका, नाशिक
सोमवार, २५ फेब्रुवारी २००२

चि. सोमनाथभाऊजींस,

प्रतिभावहिनीचे आशीर्वाद. तुमचा वापीचा पत्ता शेजारच्या फुलाबाईंच्या जावयाने दिला. त्याच्यावर रागावू नका, मीच हट्टाने काढून घेतला. घरी सर्व खुशाल. गव्हाला यंदा थंडी चांगली मानवली. हर्षाली दहावीला बसते आहे, पण अभ्यासापेक्षा माझ्याशी भांडण्यातच तिचा जास्त वेळ जातो. तुमची तब्येत कशी आहे? जेवणाचा डबा कुठे लावलाय?

आता मुख्य बातमी. भाऊजी, मी शाळा काढली!

मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहेच, ते तुमच्या कानावर आलं असेल. घर चालवायचं म्हणून मी स्टिअरिंग धरायला शिकले आणि आता गावाला शिकवते. ही दुसरी शाळा. दारू पिऊन गाडी चालवताना धरले गेलेले, कोर्टात शिक्षा झालेले ड्रायव्हर दर रविवारी सकाळी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसतात. हसू नका. नाहीतर हसाच, तुमचं हसणं ऐकून फार दिवस झाले.

सुचलं कसं ते सांगते. मागे कोर्टाच्या तारखांना मी बाकावर बसून असायची. आपल्याआधी हेच खटले चालायचे. माणूस यायचा, गुन्हा कबूल म्हणायचा, दंड भरायचा आणि रस्ता ओलांडून समोरच्या बारमध्ये शिरायचा. त्याला कोणी एक शब्द विचारत नसे. ते माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी गेल्या श्रावणात मी धीर करून मॅजिस्ट्रेटसाहेबांना भेटले.

"बाई, कायद्यात असा वर्ग कुठेच नाही," ते म्हणाले.

"कायद्यात नसेल साहेब, पण हमीपत्रावर सही तुमचीच असते ना? तिच्यावर एक ओळ वाढवा. रविवारी प्रतिभाबाईंच्या वर्गाला बसायचं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आणि नाही बसले तर?"

"तर माझे पोहे वाया जातील."

हसले बिचारे. ओळ मात्र वाढवली.

पहिल्या रविवारी खरंच पोहे वाया गेले. कोणीच आलं नाही, गल्लीतल्या पोरांची चंगळ झाली. दुसऱ्या खेपेला तिघे आले, आणि त्यातला नाथा, सिन्नरचा टेम्पोवाला, लायसन्स कोर्टात जमा असूनही टेम्पो घेऊन, सकाळी सकाळी झोकांड्या खात. मी त्याच्या टेम्पोची चावी काढून कमरेला खोचली आणि त्याला बाजेवर झोपवलं. ऊन कलल्यावर उठला आणि म्हणाला, "बाई, चावी." मी म्हटलं, "आधी चहा." चहा पिऊन, चावी घेऊन गेला. पुढच्या रविवारी शुद्धीत आला, पण तोंड वाकडं करूनच.

मग वर्ग भरायला लागला. रिक्षावाले, ट्रकवाले, सातपूरच्या एका कारखान्याचे मालकसुद्धा. त्यांनी खुर्ची मागितली. मी सतरंजी दाखवली. एका रविवारी सगळ्यांना दवाखान्यात अपघाताच्या वॉर्डात नेलं. एका रविवारी त्यांच्या बायकांना बोलावलं. त्या दिवशी मला काही शिकवावंच लागलं नाही. बायका बोलल्या आणि दादले सतरंजीचे धागे उपसत बसले.

पण नाथा हटेना. दिवाळीनंतर एकदा भर वर्गात उठून उभा राहिला. "बाई, तुम्ही लय गोड बोलता. पण तुमचं काय गेलंय ओ यात? ज्याचं गेलं त्यानं सांगावं. आमी ऐकू."

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं आणि हे बाहेर आले. लोकांसमोर न येणारा माणूस, भाऊजी. पाहुणे आले तरी आत बसून राहायचे. कुबडी भिंतीला लावली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि नाथाला म्हणाले, "हा पाय पांढुर्लीच्या वळणावर ठेवून आलो. गाडी माझा भाऊ चालवत होता. लग्नात प्यायला होता. पाय गेला, तर जयपूरचा मिळाला. भाऊ गेला तो तुरुंगातून सुटूनही घरी आला नाही. त्याच्या जागी काय मिळतं ते सांग, मी आणतो."

बघा, यातलं काही लिहायचं नाही असं मी ठरवून बसले होते, आणि लिहून गेले.

इतकी वर्षं यांनी तुमचं नाव घेतलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, रागाने. मीही कोणाला काढू दिलं नाही. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर हे माझ्यापाशी लहान मुलासारखे रडले, तेव्हा कळलं की तो राग कधीच सरला होता.

त्या दिवसापासून पहिला तास यांचा. आणि नाथा? पुढच्या रविवारी बायकोला घेऊन आला आणि सर्वांत पुढे बसला.

काल पहिल्या तुकडीचा शेवटचा दिवस होता. वर्गाला बसल्यापासून एकही जण पुन्हा धरला गेला नाही. एकही! साहेबांनी स्वतः येऊन लायसन्सं परत दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईंनी माझ्याकडून एक ओळ मागितली होती, आता मला पान भरून लिहावं लागणार." सिन्नर आणि इगतपुरीहूनही वर्ग काढायची बोलावणी आली आहेत. मग एकेकाने आपल्या बायकोला शेजारी बसवलं, गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या आणि हॉर्न वाजवत ओझरपर्यंत चक्कर मारून आले. अख्खा नाका बघायला उभा होता. मी तर टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून घेतले.

सगळे पांगले तरी नाथा थांबला होता. टेम्पोचं पुढचं दार उघडून म्हणाला, "दादा, बसा."

भाऊजी, हे माझ्या गाडीतही कधी पुढे बसले नाहीत. काल मात्र आधी कुबडी आत टाकली आणि चढले. "चल, सिन्नरवरून घोटीच्या रस्त्याला घे," म्हणाले. मी आणि हर्षाली माझ्या गाडीतून मागोमाग निघालो. पांढुर्लीच्या वळणावर टेम्पो थांबला. हे उतरले आणि बराच वेळ तिथे उभे राहिले. बैल घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "गाडी बंद पडली का ओ?"

"नाही बाबा," हे म्हणाले, "चालू झाली."

जेवताना म्हणाले, "सोम्याला लिही. वर्गाला दुसऱ्या तासाचा मास्तर पाहिजे. माझं ऐकून त्यांना वाईट वाटतं. त्याचं ऐकून ते सुधारतील."

दुसरी तुकडी गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी बसते. दुसरा तास मी मोकळा ठेवला आहे. आता लिहिणं थांबवते, कारण कागद हे मागत आहेत.

तुमची वाट बघणारी,
प्रतिभावहिनी

सोम्या, ये. मी स्टँडवर घ्यायला येतो. लायसन्स गेलं असेल तर वहिनीची 'एल' लावलेली गाडी आहे. स्टँडपासून घरापर्यंत तू चालवायची. मी शेजारी बसतो.
तुझा दादा