अक्का, ते पातेलं टाकून द्यायचं होतंस

माझ्या हट्टी अक्का,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. बोगादीला घरी परत आले, चहा घेतला, तरी धुमसतेय. रागानं! ज्यांच्यावर काढायचा होता त्यांच्यावर दुपारी काढला. उरलेला तुझ्यावरचा आहे, म्हणून लिहिते.

हो, तुझ्यावरच. त्या सकाळी मी फोन केला तेव्हा काय म्हणालीस? "डावा हात खांद्यापासून दुखतोय गं. घामही आलाय." मी ओरडले, "अक्का, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा!" तर तू हसलीस. "अय्यो, सुम्ने, उगीच घाबरतेस. ह्यांनी दूध करपवलंय, पातेलं दाबून धरून हात भरलाय. एवढं घासते आणि जाते."

रिक्षा करून लष्कर मोहल्ल्यात तुझ्या घरी पोचले तर तू मोरीत आडवी होतीस. डोळे उघडलेच नाहीस. पातेलं मात्र धुऊन उपडं घातलं होतंस. लखलखीत! एखादी बाई मरतानासुद्धा भांडं उपडं घालते का गं?

त्या घरात करपवायचे सगळे आणि घासायचीस तू. सासूबाईंचा उपमा, नणंदेची खीर, तुझ्या नवऱ्याचा, भावजींचा, चहा. तुझं ठरलेलं होतं. चिंच घालून पाणी उकळायचं, निवू द्यायचं, मग नारळाच्या काथ्यानं खसखस. माझ्या लग्नातल्या एकाही फोटोत तुझे हात दिसत नाहीत. काळी नखं पदराखाली लपवून उभी आहेस. "लीलाच्या हाताखाली डाग टिकत नाही," असं कुणी म्हटलं की फुलायचीस. ते कौतुक होतं का गं? कामाला जुंपायची गोड दोरी होती ती!

आता आजचं ऐक. भावजी म्हणाले, तिच्या आवडीचं पायसं मीच करणार. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण दूध आटत ठेवलं आणि स्वतः फोनवर बोलत अंगणात. घरभर वास सुटला. वरवरचं काढून वाढलं, लोक जेवून गेले. पातेल्याच्या तळाला बोटभर काळा थर.

तुझी नणंद पान लावता लावता म्हणाली, "वीणा, ते पातेलं आत्ताच घे. वाळलं की निघायचं नाही. आईचा हात आहे हो तुला!"

आणि तुझी लेक, इंजिनिअर झालेली, बेंगळुरूला नोकरी लागलेली, लगेच उठली. ओचा खोचला आणि तुझ्यासारखीच मोरीपाशी उकिडवी बसली. अक्का, तिच्या पुढ्यातलं पातेलं मी ओढून घेतलं.

"ऊठ वीणा," मी म्हटलं. "भावजी, तुम्ही बसा."

"मी?" ते इकडेतिकडे बघायला लागले. "मला कुठं येतं?"

"अक्काही शिकून आली नव्हती. बसा!"

नणंद मध्ये पडली, "अगं, आजच्या दिवशी असं बोलतात का? बिडु, बिडु! सोड ना."

"आजच बोलणार. वर्षभर गप्प होते!"

बसले. खरंच बसले, धोतर सावरून. वीणा सांगत होती, "अप्पा, तारेनं नको, आधी पाणी उकळून ओता." दहा-पंधरा मिनिटं खरवडलं असेल. घामाघूम झाले. मग पातेलं बाजूला सारून म्हणाले, "छे, हे काही निघत नाही. टाकून देऊ. नवीन आणू की, त्यात काय!"

त्यात काय!

भावजींनाही कळलं आपण काय बोललो ते. हातातला काथ्या तसाच धरून ते खाली बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला त्यांची दया आली नाही, अक्का. यायला हवी होती का?

टाकून देता येत होतं! इतकी वर्षं, प्रत्येक वेळी. त्यांनी तुला ते सांगितलं नाही, याची चीड आहेच. पण तुला स्वतःला का नाही सुचलं? धाकटी बहीण फोनवर ओरडून सांगत होती, तिच्यापेक्षा ते अॅल्युमिनियम मोठं झालं?

आता वचन देते, ते नीट ऐक. वर्ष होईपर्यंत घर कोण बघणार म्हणून वीणाला थांबवलं होतं. आज नणंद पुन्हा म्हणाली, "निदान अजून चार महिने." सोमवारी सकाळी मी तुझ्या दारात येणार आहे. तिची बॅग मी उचलणार, बेंगळुरूच्या गाडीत मी बसवणार. भावजी आडवे आले तरी, रडले तरी. त्यांना भात लावायला शिकू दे. करपला तर करपलेला खाऊ दे.

तुझ्यावरचा राग मात्र जाईल, असं वचन देत नाही. तेवढं मागू नकोस.

तुझ्यावाचून भांडायलाही कुणी न उरलेली,
सुमी