तळहाताएवढी चमक

३ मार्च, सकाळी ७.१०
लेकीचा फोन. १६ ला, रविवारी येतेय, गिटार न्यायला. बोलली सौ.शी. माझ्याशी नाही. मीही बोललो नाही. हिशेब बरोबर.

नोंदीसाठी: गेल्या जूनमध्ये मी तिला फक्त एवढंच म्हणालो होतो, की ती कटकट बंद कर. त्यावर तिने गिटार कपाटावर टाकली आणि आठ दिवसांत नोकरीच्या गावी निघून गेली. यात माझी चूक शून्य. सौ. म्हणते, एकदा सॉरी म्हणून टाका. का म्हणून? बाप आहे मी!

४ मार्च
गिटार खाली काढली. इलेक्ट्रिक, काळी, साटिन फिनिश. साटिन म्हणजे पूर्ण पैसे घेऊन पॉलिश करायचा कंटाळा. त्यात भयंकर गोष्ट अशी, की वरच्या कडेपाशी तळहाताएवढी जागा मस्त चकचकीत आणि बाकी अंग शाळेच्या फळ्यासारखं. एकाच मालाला दोन फिनिश! तीस वर्षं कारखान्यात क्वालिटीला काढली. असला माल मी गेटबाहेर जाऊ दिला नसता.
संकल्प: अख्खी गिटार त्या जागेसारखी चमकवणे. लेक बघेल आणि काय ते समजेल. सॉरीची भानगडच नको.

५ मार्च
गिटारच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, साटिनच्या नादी लागू नका, लेप पातळ असतो. वर विचारतो, वाजवतं कोण? म्हटलं, तो मुद्दा गैरलागू. त्याच्याकडून काहीही घेतलं नाही. हार्डवेअरवाल्याकडून दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर आणि गाडीचं रबिंग कंपाउंड आणलं. तो काही विचारत नाही. असा माणूस हवा.

८ मार्च
सहा तारा काढल्या. कुठली कुठे, ते लिहून ठेवलं नाही. जाडीवरून कळतं. पेपर ओला करून दोन तास घासलं. गिटार आधीपेक्षा मंद झाली. हे अपेक्षित आहे. सौ.लाही सांगितलं, की हे अपेक्षित आहे. तिने विचारलं नव्हतं.

९ मार्च
जुन्या बनियनने कंपाउंड चोळलं. मध्येच चमक, मध्येच ढग. खांदा धरला. सौ. बाम लावता लावता म्हणाली, एवढ्या वेळात दोनशे वेळा सॉरी म्हणून झालं असतं. भांडण उद्यावर ढकललं. बाम चोळून घ्यायचा होता.

११ मार्च
समोरच्या गॅरेजवाल्याचं ड्रिल आणि फोमची चकती आणली. हळू फिरवा, म्हणाला. मी फास्ट फिरवली. कडेचा रंग उडाला, बोटाच्या पेराएवढं लाकूड दिसतंय. मार्करने काळं केलं. दिव्याखाली जांभळं दिसतं. दिव्याखाली ठेवायचीच नाही.

१४ मार्च, संध्याकाळी ५.४०
जमलं! आरसा झालाय आरसा! त्यात बघून मिशी कापली. डावी बाजू जरा जास्त गेली. ती चकचकीत जागा आता शोधूनही सापडत नाही, फिनिश एकसारखं. मनातल्या मनात ओकेचा शिक्का मारला.

१६ मार्च
लेक आली. मिशीला काय झालं, असं विचारलं. नऊ महिन्यांतलं पहिलं वाक्य. सुरुवात उत्तम.
गिटार पुढे केली. तिने मांडीवर घेतली. उजवा हात वरच्या कडेवर टेकवला, उचलला, परत टेकवला. मग हळूच विचारलं, बाबा, माझी जागा कुठे गेली? पाच वर्षं रोज तिथे हात टेकून ती चमकली होती म्हणे. साटिन तसंच असतं. वाजवणाऱ्याचा हात घासेल तिथेच चमकतं. मी म्हणालो, आता सगळीकडेच चमकतंय की.
हे बोलायला नको होतं.
भांडली असती तर बरं झालं असतं. रडली. संध्याकाळच्या गाडीने गेली, गिटार इथेच ठेवून. मी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेलो. पाय मोकळे करायला.

१७ मार्च
माघार नाही! जागा गेली तर परत बनवू. भांड्यांच्या घासणीने अख्खी गिटार पुन्हा मंद केली. आता रोज दोन तास उजवा हात टेकवून वाजवायची. पाच वर्षांचं काम. मी एकसष्ट. सहासष्टाव्या वर्षी माल तयार.
तारा लावल्या. दोन उरल्या. कुठे बसतात, कळत नाही.

२० मार्च, सकाळी १०.१५
चौथा दिवस. हात टेकवून खाडखाड वाजवत होतो. सौ. आतून ओरडली, ती कटकट बंद करा!
गिटार मांडीवरून काढली. तिचं बोलणं फार लागलं. मी मन लावून करत होतो हो.

सकाळी ११.३०
अजून तसाच बसलोय. माझेच शब्द होते ते.

दुपारी १२.०५
लेकीला फोन लावला. स्वतः. हॅलोसुद्धा न म्हणता एकदम सॉरी म्हणालो.
तिने विचारलं, कोण बोलतंय?