पाठीतल्या गोळ्या

चि. मच्छिंद्रला थोरल्या आक्काचा आशीर्वाद.

मी बरी हाये. सरकारी दवाखान्यात जखमा धुवायचं काम बराबर चाललंय, पोटभर जेवते, घोर लावून घेऊ नको. मायचा खोकला कसाय?

आता ध्यान देऊन वाच. आधी माणसं यायची, तर गोळी पायात असायची. या महिन्यात सगळ्यांच्या पाठीत हाये. गावं येगळी, पण सगळे एकच सांगतेत, "धाड आल्याची हलगी वाजली अन् ओढ्याकडं पळालो." तुमीबी तसंच ठरवलंय म्हणं! मोकळ्या रानातून पळायचं, ही पाटलाचीच अक्कल असणार.

पळू नका. मायला अन् लेकरांना जवारीच्या रिकाम्या पेवात उतरव. आधी आत कंदील सोडून बघ. विझला तर हवा खराब हाये, उतरू नका.

पेवावरची शिळा बाहेरूनच लावावी लागते, हे मला माहीत हाये. तूच बाहेर राहशील, हेबी माहीत हाये. शिळा लावली की कडब्यात आडवा पड, बिलकुल पळू नको.

जल्दी कळव. इथं जखमींची गाडी आली की मी जखम नंतर बघते, आधी तोंड बघते.

तुझी आक्का,
दुर्गा