सहाचा फोन, रोह्याला

१६ जानेवारी १९९५, सोमवार

मेलं ते मोडेम! आज तीनदा लाइन तुटली. कंपनीच्या पेणच्या डेपोतले सगळे घरी गेले, मी आणि ते खोकं दोघंच उरलो. आज किती ड्रम आले, किती गाडीत चढले, ती फाईल रोह्याजवळच्या धाटावच्या फॅक्टरीत पोचल्याशिवाय मला उठता येत नाही. पूर्वी गुणाजी ड्रायव्हरच्या हातात कागद दिला की मी मोकळी! आता सगळं फोनच्या तारेतून.

सहाला मी फोन लावायचा. रोह्याला फॅक्टरीत कॉम्प्युटर बघणारा सुशील उचलतो. मग दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर कमांड द्यायची, आणि मोडेम किंचाळायला लागलं की रिसीव्हर ठेवायचा. एकदा त्यानं लाइन घेतली की माणसाला बोलता येत नाही. जे काय बोलायचं ते आधी.

मी वैतागून ओरडत होते. म्हणाला, "मॅडम, खोक्याला कान नाहीत." मी म्हटलं, "तुम्हाला आहेत ना? मग तुम्ही ऐका!" हसतच सुटला. आगाऊ.

२ फेब्रुवारी, गुरुवार

लाइनवर नुसती खरखर. विचारलं, एवढ्या खरखरीत फाईल बिघडत कशी नाही? तर त्यानं शाळाच घेतली! फाईलचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि शेवटी त्यातल्या आकड्यांची बेरीज. पलीकडचा कॉम्प्युटर परत बेरीज करतो. जुळली तर कळवतो, मिळालं. नाही जुळली तर, परत पाठव. "'मिळालं' असं आल्याशिवाय तू पुढचा तुकडा पाठवायचा नाही."

तू! मॅडमची तू कधी झाले? मीही चालवून घेतलं.

"आणि उत्तरच आलं नाही तर?"

"थोडं थांबायचं. परत पाठवायचं. दहादा करून बघतं, मग सोडून देतं."

"मी नसतं सोडलं."

"ठाऊक आहे मला," म्हणाला.

घरी आल्यावर जेवताना हे सगळं बडबडत होते. आईनं मधेच विचारलं, "कोन गो हा सुशील? आपल्यातला हाय?" म्हटलं, रोह्याच्या आतल्या गावातला, भातशेती आहे त्यांची. "म्हंजे नाय," म्हणाली आणि भात वाढला. बाबा मिठागरावरून दमून आले होते. आपल्या ताटातली कोलंबी माझ्या ताटात टाकली. मी एवढीशी होते तेव्हापासून टाकतात.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सुशील आज मोडेम दुरुस्त करायला डेपोत आला! फोनवर एवढा शेफारलेला, आणि समोर आल्यावर तोंड उघडेना. खिशात स्क्रूड्रायव्हर. मी पोह्याचे पापड भाजून नेले होते, सगळे खाल्ले. दुरुस्ती करून झाली तरी तासभर उगाच खोक्याची झाकणं उघडत बसला. निघताना म्हणाला, "सहाला फोन लाव." अरे, सहाला तर तू एसटीत असशील! त्याचं त्यालाच हसू आलं.

९ मार्च, गुरुवार

विचारलं! मीच विचारलं! "असं किती दिवस फोनवर बोलायचं? घरी येऊन माझ्या बाबांना विचारणार असशील तर सांग. नसशील तर तेही सांग."

मग म्हणाला, "घरी बोलतो. सोमवारी सांगतो तुला." आणि मोडेम लावून मोकळा! भित्रा कुठला. फाईल गेली तरी मी खुर्चीतच. पण आनंद झालाय, खोटं कशाला बोलू?

१२ मार्च, रविवार

बाबा आज आगरावर गेले नाहीत, पाठ धरलीय म्हणाले. मला सुकट घेऊन वडखळला आत्याकडे पिटाळलं. जाता-येता एसटीत उभी. आत्यानं लवकर सोडलंही नाही. असू दे! उद्या सोमवार.

१३ मार्च, सोमवार

फोन दुसऱ्यानंच उचलला. दिनानाथ म्हणे. "कॉम्प्युटर आता मी बघतो. सुशीलनं आजपासून प्लांटवर शिफ्ट मागून घेतली."

मागून घेतली!

"माझ्यासाठी काही निरोप?"

"कसला निरोप?"

फाईल पाठवली.

१५ मार्च

काही नाही.

२० मार्च, सोमवार

प्लांटवरच्या फोनवर लावला. कोणीतरी त्याला हाक मारलेली ऐकू आली. मग, "कामात हाय म्हणतो." गुणाजीकडे निरोप दिला, एकदा तरी फोन कर. संध्याकाळी गुणाजी परत आला तो माझ्याकडे बघेचना. "ऐकून घेतलं त्यानं, ताई. काय बोलला नाय."

ड्रमांच्या आड जाऊन रडले. नको होतं तर नको म्हणायचं! मी काय खाल्लं असतं त्याला? ते खोकंसुद्धा नाही मिळालं तर तसं कळवतं. आणि हा हाडामांसाचा माणूस, एक शब्द टाकवला नाही याला. लाज वाटते मला. स्वतःच्या तोंडानं विचारायला गेले, थोबाडीत मारल्यासारखं झालं.

३ एप्रिल, सोमवार

दिनानाथनं रोह्याच्या मोडेमला आपणहून फोन उचलायला लावलंय. आता तिकडे माणूस लागत नाही. घंटी वाजते, किंचाळतं, फाईल जाते. बरं झालं. तरी सहा वाजले की हात रिसीव्हरकडे जातो.

२४ एप्रिल, सोमवार

गुणाजीनं पेढे आणले. चाचरत म्हणाला, "सुशीलचं काल लगीन झालं. अनिता नाव हाय पोरीचं. त्यांच्यातलीच." मी पेढा खाल्ला. सगळ्यांसमोर, हसून. वर म्हटलं, "जरा गोड कमी आहे."

घरी आले आणि बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. सगळं सांगून टाकलं. कशी विचारायला गेले, कसा तो गप्प झाला, सगळं. दुसरा बाप असता तर झोडपून काढलं असतं! बाबांनी एक शब्द विचारला नाही. केसांतून हात फिरवत राहिले, हात खारट पाण्यानं खरखरीत झालेले. "जाव दे गो पोरी, जाव दे." त्यांचेही डोळे भरले होते. हा माणूस आहे म्हणून मी उभी आहे, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

१९ मे, शुक्रवार

आज पलीकडे मोडेम नाही, माणूस! "हॅलो." सुशील. दिनानाथ रजेवर, मोडेम आपणहून उचलेना, म्हणून त्याला बसवलेला.

फोन ठेवायचा होता. पण माझं तोंड! "घरी यायची हिंमत नव्हती तर तसं सांगायचं होतंस."

"आलो नव्हतो मी? त्या रविवारी, मामाला घेऊन. आदल्या दिवशी निरोप धाडून! तुझे बाबा म्हणाले, पोरगी आत बसलीय, तिलाच नको हाय, बाहेर यायला तयार नाय."

त्या रविवारी मी वडखळला होते. मला ऐकू येत होतं, पण समजत नव्हतं.

"एकदाच सांग," म्हणाला. "तू खरंच आत होतीस?"

त्याच्या घरात ती अनिता. हातातला हिरवा चुडा अजून नवाच असेल तिचा.

"हो," म्हटलं. "आतच होते. मीच नको म्हटलं."

मग त्यानं मोडेम लावलं.

फाईल गेली. घरी बाबा जेवायचे थांबले असतील.