दादांची निवड

कासारवाडी,
१२ जानेवारी २०२५

ती. गिरजाआत्यास,
आम्रपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचे सगळे दादांना ऐकू जाते.

दादांच्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचे आपण जाणताच. झडपेवर क्षार साठतात आणि रक्ताची वाट आवळत जाते. त्यावर औषध अद्याप सापडलेले नाही. वाट फारच आवळली की झडप बदलायची, एवढाच उपाय. इथल्या एका रुग्णालयात नव्या गोळीची चाचणी चालू आहे. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. गेल्या वर्षी तिथल्या बाईंनी दादांना फोनवर सांगितले, की तुमची निवड झाली. आत्या, त्या एका शब्दाने घात केला. महाळुंग्याच्या कंपनीत दादा आयुष्यभर कंत्राटी राहिले. कायम होणाऱ्यांत त्यांचे नाव कधी आले नाही. त्यांनी चाळभर पेढे वाटले. माझ्या दहावीच्या निकालालाही इतके वाटले नव्हते. गोळी कडू लागते, त्याअर्थी आपली खरीच, असे ते शेजाऱ्यांना पटवून देतात.

आता जिन्यात ते मध्येच थांबतात. परवा मोरीत चक्कर येऊन पडले. तपासणीला मीच सोबत जाते. तिथे यातले अवाक्षरही काढायचे नाही, अशी मला ताकीद आहे. आजार वाढल्याचे कळले तर आपल्याला काढून टाकतील, असे ते म्हणतात. कंपनीच्या मेडिकलला रक्तदाब लपवण्याची जुनी सवय. मी काय करावे?

आपला लोभ आहेच, तो या पेचातही राहावा.
आपली भाची,
आम्रपाली

उदगीर,
२१ जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस,
गिरजाआत्याचा अ. आ.

तुझं पत्र म्हणजे पुस्तकातला धडाच असतो बाई. दोनदा वाचावा तेव्हा कळतो. पण यावेळी एकदाच वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

तुझा बाप कोंडीराम लहानपणापासून असाच. कबड्डीच्या संघातून काढतील म्हणून मोडलेलं बोट खिशात लपवून फिरायचा. मास्तरांना मीच जाऊन सांगितलं. लई दिवस माझ्याशी बोलला नाही. बोट वाकडं राहिलं, पण हाताला राहिलं. तू सांगून टाक. तोंडातून आवाज निघत नसंल तर कागदावर लिही आणि डॉक्टरपुढं सरकव. रुसला तर रुसू दे. रुसायला माणूस तरी राहील.

जेवत जा. पुस्तकानं पोट भरत नाही. माया कमी करू नको.
तुझी आत्या

कासारवाडी,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

मी सांगितले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, पण डॉक्टरांना आला. त्यांनी तत्काळ टू-डी इको केला. झडप फार अरुंद झाली आहे. आता ऑपरेशन लांबवणे धोक्याचे आहे आणि दादांना चाचणीत ठेवता येणार नाही, असे त्यांनी समजावले. दादांनी सगळे शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, की माझ्या जागी आता कोणाला घेणार.

ऑपरेशनला त्यांनी साफ नकार दिला आहे. आपण सांगितलेत तसा रुसवा असता तर मी सोसला असता. ते माझ्याशी नीट बोलतात, चहा झाला का विचारतात. पण माझ्यासमोर ते आता धाप लागू देत नाहीत. जिना चढायचा झाला की मला काही आणायला पुढे पाठवतात. त्यांना काय होते आहे, हे यापुढे मला कधीच कळणार नाही. आपण या. आपल्यापुढे कदाचित लपवणार नाहीत.

लोभ आहे, त्याला आता आधाराची जोड द्यावी.
आम्रपाली

कासारवाडी,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
कोंडीरामचा जयभीम. इकडं सगळं खुशाल.

पोरीनं तुला बोलावलंय असं तिच्याकडून कळलं. येऊ नकोस. मला काही झालेलं नाही. छाती उघडलेल्या माणसाला कुठला कंत्राटदार परत घेत नाही.

आम्रपालीवर माझा राग नाही. शिकलेली पोर, खरं बोलणारच. पण ताई, त्या गोळीच्या दवाखान्यात मला कोंडीरामसाहेब म्हणायचे, बसायला खुर्ची द्यायचे. कंपनीत मी पाणीसुद्धा उभ्यानं प्यायलो.

निगडीकडं दुसऱ्या एका दवाखान्यात अशाच गोळीसाठी माणसं निवडायला लागलेत म्हणे. सोमवारी जातो. चक्कर येते का, धाप लागते का, हेच विचारतात. काय सांगायचं ते पाठ आहे. यावेळी एकटाच जातोय. पोरीला कळवू नकोस.

भावावर जीव असू दे.
तुझा,
कोंडीराम