बरं वाटेल

बाई,

पुस्तकांचं कपाट अजून आहे, हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचाराल. चर्चच्या मागच्या खोलीतच आहे. फक्त त्याच्या पुढ्यात आता साउंड सिस्टिमचे दोन मोठे खोके उभे असतात, त्यामुळे उजवं दार अर्धंच उघडतं आणि मला अंग चोरून हात आत घालावा लागतो. किल्ली माझ्याकडे आहे. मंडळीनं विश्वासानं सोपवली असं मी लोकांना सांगते; खरं म्हणजे ती परत कुणी मागितलीच नाही. दर रविवारी उपासना झाल्यावर मी कपाट उघडून शेजारी खुर्ची टाकून बसते. बायका चहा घेतात, पोरं आवारात पळतात, पास्टरसाहेब येता-जाता "काय ताई, वाचन चाललंय ना?" म्हणतात आणि उत्तराला थांबत नाहीत. अर्ध्या तासानं मी कपाट बंद करते.

मंडळीचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर मी दर शनिवारी एका पुस्तकाबद्दल लिहिते: कुठल्या वयाच्या मुलांना चालेल, घरच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांनी मिळून वाचता येईल का, लहानग्यांना सैतानाचं चित्र पाहून भीती वाटेल का. तुम्ही ज्या गोष्टी तोंडी सांगायचा त्याच. खाली चार जोडलेले हात येतात. एकदा एका तरुण आईनं विचारलं, "काकू, पीडीएफ हाय का?" मला इतका आनंद झाला की मी तिला फोनच लावला. तिनं उचलला नाही. मी अजूनही पुस्तक सुचवण्याआधी मोठ्यानं वाचून बघते, जीभ अडखळते तिथं खूण करते. मी नवीन जालन्यात दोन खोल्यांत राहते, बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी संपल्यापासून दिवसभर घरीच. शेजारच्या सलवार-कमीज शिवणाऱ्या बाईंनी परवा दारातून डोकावून विचारलं, "आपा, मेहमान आले का? कवाधरनं आवाज येऊन राह्यला." मी म्हटलं, हो, पाहुणे आहेत. मग त्यांनी पाहुण्यांसाठी वाटीभर शेवयांची खीर आणून दिली आणि ती मी एकटीनं खाल्ली.

तुमची पद्धत आता कुणाला आठवत नाही. तुम्ही पुस्तक नुसतं देत नव्हता. वहीच्या कागदाची चिंचोळी चिठ्ठी पहिल्या पानात ठेवायचा आणि तिच्यावर एकच ओळ असायची. "गाढवाचं बोलणं वाचून मला हसू आवरेना." "सत्ताविसाव्या पानावर मी रडले." नियम एवढाच की चिठ्ठीत स्वतःचं लिहायचं, वाचणाऱ्याचं नाही. तुम्हाला काय झालं ते सांगा, त्यांना काय होईल ते त्यांचं त्यांना बघू द्या. संधिवातानं तुमची बोटं वाकायला लागली तेव्हा चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अक्षर चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे मला पुरेपूर ठाऊक होतं. तुम्ही सांगायचा, मी लिहायचे; लोकांना त्या तुमच्याच हातच्या वाटायच्या.

ती चिठ्ठी तुम्ही सांगितली नव्हती.

स्टेशनच्या बाजूला राहणारं ते कुटुंब तुम्हाला आठवतंच. नवरा हमाली करायचा, बायको तुमच्याकडे दुपारी अक्षरं गिरवायला यायची. अठ्ठाविशीची बाई, जोडाक्षर आलं की त्यावरून उडी मारून पुढं जायची, आणि वाक्य पुरं झालं की तुमच्याकडे बघून पदरात हसायची. तिची मुलगी सहा वर्षांची. ती तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा आई पुस्तक मागायला आली. तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता. तिला चर्चच्या दारात थांबवून मी आतल्या कपाटातून कबुतरं पाळणाऱ्या मुलाची गोष्ट काढली. तो आजारी पडतो, घरचे प्रार्थना करतात, आणि शेवटच्या पानावर तो अंगणात कबुतरांमागं धावतो. मला ती फार आवडायची. वाटलं, आजारी पोरीला वाचून दाखवली तर तिचा वेळ चांगला जाईल, मन रमेल. आणि मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, "हे वाचून दाखवा, मुलीला बरं वाटेल." जोडाक्षर एकही येऊ दिलं नाही, म्हणजे तिला अडखळायला होणार नाही. एवढी मी विचारी होते.

मुलगी गेली त्यानंतरच्या रविवारी ती आली. उपासना संपली होती, चहाची किटली फिरत होती, सगळी मंडळी तिथंच. तिनं पुस्तक तुमच्यापुढं टेबलावर ठेवलं. चिठ्ठी त्यावर ठेवली. ती रडत नव्हती.

"बाई, तुम्ही लिहून दिल्तं."

तुम्ही चिठ्ठी उचलून वाचली. वाचायला जितका वेळ लागायला हवा होता, त्याहून जास्त वेळ तुम्ही त्या चिठ्ठीकडे पाहत राहिलात.

"तिचा बाप म्हणून राह्यला व्हता, औरंगाबादला नेऊ, जल्दी नेऊ. मी म्हणलं दोन दिस थांबा. बाईनं लिहून दिलं हाय, पोरीला बरं वाटंल म्हून. बाई खोटं लिवत न्हाई. मी रोज वाचलं, बाई. बराबर वाचलं, एक बी अक्षर न्हाई सोडलं."

मी तुमच्यापासून दोन हातांवर कपबशा गोळा करत उभी होते. त्या खोलीत ते अक्षर कुणाचं हे फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला लिहिलेलं सगळं खरं वाटतं. आणि आपल्या भाषेत खीर खाल्ली तरी बरं वाटतं आणि ताप उतरला तरी बरं वाटतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. म्हणालात, "हो. माझी चूक झाली. मला क्षमा कर." ती म्हणाली, "न्हाई व्हणार, बाई," आणि निघून गेली. पुन्हा कधी ती आपल्या मंडळीत आली नाही. थोड्याच दिवसांत ते घर मंठ्याला गेलं.

बुधवारी तुम्ही मला बोलावून घेतलंत. तुमच्या स्वयंपाकघरातला तो प्रसंग आजही समोर घडल्यासारखा दिसतो. तुम्ही पाटावर बसून ज्वारी निवडताय, मी उंबऱ्यात उभी आहे, आणि तुम्ही बस म्हणत नाही. "आपण पुस्तकं देतो," तुम्ही सुपातले खडे बाजूला करत म्हणता, "पत्रिका बघत न्हाई. लोकांचं पुढचं सांगायला आपण कोण?" मी रडायला लागते. म्हणते, मी जाऊन सांगते तिला, मी लिहिलं म्हणून. तुम्ही म्हणता, "आज नको. आज सांगशील तर ते तुझ्या जिवाला हलकं वाटावं म्हणून. तिला त्याचा काय उपेग? तिला ज्या दिवशी ऐकवंल त्या दिवशी जा. पण जा." मग तुम्ही मला चहा दिलात, आणि कप परत घेताना म्हणालात, "अक्षर मात्र सुरेख आहे गं तुझं." त्याहून मोठी शिक्षा मला कुणी दिली नाही.

त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. कुणी विचारलं की पोरांना कोणतं पुस्तक चांगलं, तर तुम्ही म्हणायचा, "कपाट उघडं आहे, बघा तुम्हीच." बायका आपसात कुजबुजायच्या की बाईच्या हातचं पुस्तक लाभत नाही. ख्रिस्ती घरांतून असली भाषा! तुमच्या कानावर ते जायचं आणि मी ऐकत असायचे. तुम्ही गेलात तेव्हा मातीला माणसं मोजकीच होती. तिला ऐकवेल तो दिवस कुठला, हे मी वर्षानुवर्षं ठरवत राहिले. मंठा काही लंडन नव्हे, एसटीनं दीड-दोन तास. पण आधी नोकरी, मग आईचं आजारपण, मग माझे गुडघे. कारणं काढण्यात मी कुणाला हार जाणार नाही.

गेल्या महिन्यात मंठ्याच्या मंडळीचा वार्षिक मेळावा होता. मी पिशवीभर मुलांची पुस्तकं घेऊन गेले, मांडवाच्या कडेला टेबल मिळालं. दोन तास कुणी फिरकलं नाही. मग एक म्हातारी नातीचा हात धरून आली, आणि ती हसली तेव्हा पदर तोंडाशी गेला, त्यावरून मी ओळखलं. तिनंही मला ओळखलं. "तू बाईसंगं ऱ्हायची ती पोर ना?" म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला. समोरच्या खुर्चीत बसली. नात पुस्तकं चाळायला लागली. बाई, ती सहा-सात वर्षांचीच असेल. म्हातारी निवांत होती, तब्येतीनं बरी होती, मागचं बोलायला तयार होती. तुम्ही म्हणाला होता तो दिवस हाच, हे मला लख्ख कळलं. वाक्य माझ्या ओठांवर होतं. चाळीस वर्षं पाठ केलेलं.

तेवढ्यात तीच म्हणाली, "हिला वाचायचा लई नाद. एक चांगलं बघून दे, पोरी. तूच सांग कोणतं, मला तुझ्यावर भरवसा हाय. पण त्या बाईवानी काही लिहून दिऊ नको."

मी म्हटलं, "नाही मावशी. मी तसं नाही करत."

मग मी तिला तीन पुस्तकं दाखवली. प्रत्येकातली दोन-दोन पानं वाचून दाखवली. नात माझ्या मांडीवर रेलली. म्हातारीनं नीट ऐकलं, मधे प्रश्न विचारले, शेवटी एक निवडलं, आणि जाताना म्हणाली, पुढच्या खेपेला घरीच ये, भाकरी खाऊन जा. सगळा मिळून तासभर झाला असेल.

तिला दुखेल म्हणून मी गप्प राहिले असं तुम्हाला लिहायला बसले होते, आणि मागची दोन पानं तसं लिहिलंही होतं. ती फाडली. बाई, वर्षभरात मला पुस्तक विचारणारी ती पहिलीच होती. ती खुर्चीवरून उठून जाऊ नये, म्हणून मी ती चिठ्ठी तुमच्याच नावावर राहू दिली.