सातवी रेष

३ मार्च
फायर स्टेशनच्या स्मारकाचा दगड दुकानात आला. काळा, माझ्या छातीएवढा. आगीत गेलेल्यांची नावं मी कोरायची. मालक भगतकाका म्हणाले, तुझा हात सावकाश आहे, म्हणून तुला. यादी यायची आहे. बाबांचं नाव असेल का, विचारलं नाही.

६ मार्च
दिवसभर दगड घासला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा मला स्टेशनवर न्यायचे. पाइपांची पितळी तोंडं चिंचेनं घासायची मी, पुसायची त्यांनी. मग गाडीला झेंडूचा हार, आणि मला एकदाच घंटा वाजवायला मिळे. चिंच-पितळेचा वास जाऊ नये म्हणून मी हात धुवायचो नाही. आई जेवायला वाढायची नाही.

९ मार्च
चूक झाली. आमच्याकडे आधी सगळ्या ओळींच्या शिरोरेषा कापून घेतात, म्हणजे ओळ वाकत नाही. अक्षरं मागून. नावं सहा, असं काकांनी सांगितलं होतं. मी सात रेषा कापल्या. पट्टीनं तीनदा मोजून, सात.
मनात काही नव्हतं. नव्हतंच, असं मात्र लिहवत नाही.

१० मार्च
यादी आली. सहा. बाबा नाहीत. वर 'कर्तव्यावर असताना' असं आहे. बाबा कापसाच्या जिनिंगच्या आगीतून पायी घरी आले होते, खोकत. अकरा महिन्यांनी गेले, खाटेवर.
काकांनी सातव्या रेषेवरून बोट फिरवलं. "काहून गा, मोजता येत नाही तुले?"
येतं, म्हणालो. रेष घालवायची तर अख्खा दगड घासून खाली घ्यावा लागेल. तेवढी जाडी दगडात नाही.

१७ मार्च
सहा नावं झाली. मनीषनगरहून वानखेडेकाका आले. बाबांच्याच गाडीवर होते, आता रिटायर. चौथ्या नावापाशी हसले. "गजू. माझ्या डब्यातलं लोणचं चोरे."
मग रिकामी रेष दिसली. "हे कोणासाठी ठेवून राहिला?"
चुकून, म्हणालो.
"तुझा बापही असाच. ड्रायव्हरनं पंपापाशी राहाचं असते. हा त्या जिनिंगात गजूले आणाले आत गेला. बाहेर येऊन मले म्हणे, चुकून गेलो."
हे मला माहीत नव्हतं. स्टेशनच्या साहेबांना हे लिहून द्यायला वानखेडेकाका तयार आहेत. पण आत गेल्याचं लिहिलं, की पंप सोडल्याचंही लिहावं लागेल. म्हणून इतकी वर्षं गप्प होते.

१८ मार्च
आईला सगळं सांगितलं. तिला माहीत होतं. भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "लिहू दे. गेलाच होता ना आत."

४ एप्रिल
वानखेडेकाकांनी अर्ज देऊन पंधरा दिवस झाले. साहेब दगड पाहायला आले. अर्ज वर पाठवलाय म्हणाले. रेषेबद्दल विचारलं नाही, पुसायलाही सांगितलं नाही.

१३ एप्रिल
उद्या अनावरण. दगड स्टेशनच्या फाटकाशी उभा केला. वर जुन्या पाइपाचं पितळी तोंड बसवलंय. आई प्रतापनगरहून ऑटोनं आली, वाटीत भिजवलेली चिंच घेऊन. मी घासलं, तिनं पदरानं पुसलं.
उत्तर आलेलं नाही. बारीक छिन्नीला धार लावून पिशवीत ठेवली आहे. हात धुतले नाहीत. आईनं तसंच जेवायला वाढलं.